‘एक टनी’ पिकअप अठरा टन कशी ओढते? भार वाहणे आणि भार ओढणे यांच्या हिशेबाविषयी प्रश्न

प्रश्न : रावेरचा केळीवाला

राम राम मंडळी.

माझ्याकडे दोन पिकअप आहेत. आरसी बुकाप्रमाणे एकीची भार वाहण्याची क्षमता १.३ टन आणि दुसरीची १.७ टन आहे. बागेतून केळी काढून पॅकिंगच्या शेडपर्यंत, हंगामात सावद्याच्या स्टेशनापर्यंत आणि कधीमधी बऱ्हाणपूरपर्यंत नेणे, एवढाच त्यांचा उपयोग. वीस किलोचा एक घड धरला तर दुसऱ्या गाडीत पंच्याऐंशी घड कायदेशीर बसतात. प्रत्यक्षात किती भरले जातात हे केळी पट्ट्यातल्या कोणालाही विचारू नये.

प्रश्न मात्र माझ्या गाड्यांचा नाही. माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. नोकरी सोडून स्वतःची पिकअप आणि मागे लांब ट्रेलर घेऊन मालवाहतूक करायचे त्याने ठरवले आहे. तिकडे या धंद्याला ‘हॉटशॉट’ म्हणतात म्हणे. सुरुवातीच्या भांडवलातला काही हिस्सा त्याने मामाकडे, म्हणजे माझ्याकडे मागितला आहे. पैसे द्यायला माझी हरकत नाही, पण ज्या वस्तूवर पैसे लावायचे ती आपल्याला कळली पाहिजे, एवढाच माझा हट्ट आहे.

त्याने पाठवलेली माहितीपत्रके दोन रात्री वाचून काढली आणि डोके अधिकच गोंधळले. तिकडे अवजड पिकअपचे ‘पाऊण टनी’ आणि ‘एक टनी’ असे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गाच्या नावात २५० किंवा २५०० हा आकडा असतो आणि दुसऱ्याच्या नावात ३५० किंवा ३५००. नावाने एक टनी असलेली गाडी पाठीवर साडेतीन टन घेते आणि मागे अठरा टन ओढते, असे जाहिरातीत छापले आहे. उलट भाच्याला जी पाऊण टनी डिझेल गाडी पसंत पडली आहे, तिची पाठीवर भार घेण्याची क्षमता हिशेब केल्यावर जेमतेम एक टन निघते. म्हणजे किमतीने माझ्या पिकअपच्या कितीतरी पट आणि इंजिनाने राक्षसासारखी असलेली गाडी माझ्या १.७ टनीपेक्षा कमी माल घेते, हे कसे? आणि जी पाठीवर एक टन घेऊ शकत नाही, ती सहा-सात टन ओढेल यावर विश्वास कसा ठेवायचा?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. मला घाई नाही, भाच्याला आहे.

उत्तर : महामार्गावरचा फिटर, धुळे

दादा, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या बैलगाडीत आहे. गाडीत वीस पोती भरली तर त्या वीस पोत्यांचे वजन बैलांच्या मानेवर येत नाही, ते दोन चाकांवर येते. मानेवर येतो तो फक्त जुवाचा भार, आणि तो माल पुढे किंवा मागे सरकवून कमीजास्त करता येतो. बैल तो माल वाहत नाहीत, ओढतात. त्याच बैलाच्या पाठीवर गोणी टाकून पाहा, दोन गोण्यांतच त्याचा कणा बोलायला लागेल. पिकअपचेही तेच आहे. हौद्यात टाकलेला प्रत्येक किलो तिच्या पाट्यांवर, मागच्या धुरीवर (म्हणजे अ‍ॅक्सलवर) आणि टायरवर येतो. ट्रेलरचे बहुतेक वजन मात्र ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर असते. म्हणून ओढण्याचा आकडा वाहण्याच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा निघतो, आणि त्यात फसवणूक काही नाही.

फसवणूक होते ती दुसऱ्या जागी, आणि ती विक्रेता नव्हे, आपणच आपली करून घेतो. जुवाचा भार शून्य कधीच नसतो. मागे माल जास्त झाला की बैलगाडी उलाळ होते, बैलांच्या माना वर उचलल्या जातात आणि गाडी सावरता येत नाही. ट्रेलरही असाच उलाळ झाला तर वेगात शेपटासारखा डोलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही रस्त्याबाहेर नेतो. हे टाळण्यासाठी ट्रेलरच्या वजनाचा ठरावीक हिस्सा मुद्दाम ओढणाऱ्या गाडीवर ठेवावा लागतो. मागच्या बंपरखालच्या गोळ्याला जोडलेल्या साध्या ट्रेलरसाठी हा हिस्सा दहा ते पंधरा टक्के धरतात. हौद्याच्या मध्यावर, मागच्या धुरीच्या वर किंवा किंचित पुढे जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरसाठी, ज्याला तिकडे हंसाच्या मानेवरून ‘गूजनेक’ म्हणतात, तो पंधरा ते पंचवीस टक्के असतो. हे सारे वजन पिकअपच्या भार वाहण्याच्या क्षमतेतूनच वजा होते. म्हणजे ओढण्याचा आकडा कितीही मोठा असो, वाहण्याचा आकडा आधी संपतो. तुमच्या भाच्याच्या बाबतीत हेच होणार असे मला दिसते.

पाऊण टनी डिझेल गाडी तुमच्या पिकअपपेक्षा कमी का घेते, हेही त्यातच आहे. गाडीच्या एकूण वजनाची एक कमाल मर्यादा कंपनीने ठरवलेली असते. तीत रिकाम्या गाडीचे वजन, डिझेल, चालक, सोबती आणि माल सगळे आले. चार दारांची केबिन, चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा आणि अवजड डिझेल इंजिन घातले की रिकामी गाडीच साडेतीन टनांच्या आसपास जाते. मर्यादा तीच राहिली, गाडी जड झाली, मग मालाला उरणार किती? आपल्या पिकअपमध्ये पत्रा, पाटे आणि एक बाक याखेरीज फारसे काही नसते, म्हणून ती स्वतःच्या वजनाच्या मानाने जास्त माल घेते. हा काही आपल्या गाडीचा कमीपणा नाही. ती त्याच कामासाठी बांधली आहे.

जाता जाता एक सांगतो. आमच्याकडे दर आठवड्याला कोणीतरी येतो आणि म्हणतो, दोन पाटे वाढवून द्या, म्हणजे गाडी जास्त माल घेईल. पाटे वाढवले की गाडी बसलेली दिसत नाही, इतकेच होते. धुरी तीच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच. लळिंगच्या उतारावर पाटे गाडी थांबवत नाहीत.

उत्तर : जळगावकर, मुक्काम ह्यूस्टन

फिटर भाऊंनी मूळ गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगितली आहे, त्यामुळे मी फक्त इकडचे आकडे आणि नियम मांडतो.

काका, ‘पाऊण टनी’ आणि ‘एक टनी’ ही नावे फार जुनी आहेत. कधीकाळी ती खरोखरच भार वाहण्याची क्षमता सांगत असत. गाड्या सुधारल्या आणि नावे मात्र तशीच राहिली. शिवाय इकडचा टन म्हणजे २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो, हेही माहितीपत्रक वाचताना ध्यानात ठेवावे. खरा वर्ग नावावरून ठरत नाही, कमाल एकूण वजनावरून ठरतो. ६,००१ ते १०,००० पौंडांचा दुसरा वर्ग आहे आणि त्यातल्या ८,५०० पौंडांच्या वरच्या भागाला ‘२ बी’ म्हणतात. १०,००१ ते १४,००० पौंड हा तिसरा वर्ग. पाऊण टनी गाड्या बहुधा २ बी वर्गाच्या वरच्या टोकाला, १०,००० पौंडांच्या म्हणजे ४,५३६ किलोंच्या रेषेवर येऊन थांबतात, कारण त्यापुढे व्यावसायिक वाहनांचे केंद्रीय नियम सुरू होतात. म्हणजे काही गाड्यांची मर्यादा लोखंडाने कमी आणि कागदाने जास्त ठरलेली असते. मागे चार चाके असलेल्या एक टनी गाडीची मर्यादा १४,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ६,३५० किलोंपर्यंत जाते.

फोर्डच्या २०२३ पासूनच्या सुपर ड्यूटी मालिकेसाठी कंपनीने पाठीवर कमाल ८,००० पौंड, म्हणजे सुमारे ३,६३० किलो, आणि गूजनेकवर कमाल ४०,००० पौंड, म्हणजे सुमारे १८,१४० किलो असे आकडे जाहीर केले. काकांनी पाहिलेले साडेतीन आणि अठरा टन ते हेच असावेत. पण हे दोन आकडे एकाच गाडीचे नाहीत. पहिला आकडा हलक्या बांधणीच्या, मागे चार चाकांच्या एफ-३५०चा आहे आणि दुसरा अधिक ताकदीच्या डिझेल इंजिनाच्या गाडीचा. गंमत अशी की एफ-४५० ही त्याहून मोठ्या आकड्याची पिकअप असूनही तिचे कमाल एकूण वजन १४,००० पौंडच आहे आणि पाठीवर ती एफ-३५०पेक्षा कमी भार घेते, कारण ती ओढण्यासाठी बांधलेली आहे. नावातला आकडा मोठा म्हणून माल जास्त, असे समीकरण कोणी मांडू नये.

ओढण्याचे आकडे पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने जाहीर करत असे. आता त्यासाठी ‘एसएई जे २८०७’ हे समान प्रमाण आहे. त्यातली एक कसोटी अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. सुमारे १८ किलोमीटरचा चढ, कडक उन्हाळा, वातानुकूलन पूर्ण चालू, मागे पूर्ण भार, आणि तरीही वेग ठरावीक मर्यादेखाली उतरता कामा नये. आपल्याकडे मे महिन्यात भरलेली गाडी घेऊन बिजासनी घाट चढलेल्या माणसाला ही कसोटी काय मागते हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आता परवान्याची गोष्ट, जिच्यावर हा धंदा उभा राहतो किंवा बसतो. ट्रेलरचे कमाल वजन १०,००० पौंडांपेक्षा जास्त असेल आणि गाडी व ट्रेलर यांची एकत्र मर्यादा २६,००१ पौंड किंवा अधिक होत असेल, तर वेगळा व्यावसायिक परवाना लागतो. पुष्कळ नवे लोक तो टाळण्यासाठी २६,००० च्या आत राहतात. मग हिशेब उलटा होतो. १४,००० पौंडांची एक टनी गाडी घेतली तर ट्रेलरसाठी १२,००० उरतात आणि १०,००० पौंडांची पाऊण टनी घेतली तर १६,००० उरतात. तुमच्या भाच्याला पाऊण टनी का पसंत पडली असेल, ते मला यात दिसते आहे. कागदावर ती जास्त माल नेते.

रावेरचा केळीवाला

दोघांचेही मनापासून आभार. रात्री भाच्याला फोन केला. ह्यूस्टनच्या भाऊंचा अंदाज अगदी बरोबर निघाला. १६,००० पौंडांचा ट्रेलर मिळतो म्हणूनच त्याने पाऊण टनी निवडली होती. मग आम्ही दोघांनी फोनवरच वहीत हिशेब मांडला. आकडे किलोत लिहितो, चुकले असेल तर दुरुस्त करावे.

पाऊण टनीचे कमाल वजन ४,५३६ किलो. तो जी गाडी पाहून आला तिचे टाकी भरून काट्यावर भरलेले वजन सुमारे ३,४९० किलो. उरले १,०४६. त्यातून चालक, एखादा सोबती, साखळ्या, पट्टे आणि हौद्यातल्या जोडणीचे लोखंड मिळून अडीचशे किलो वजा केले तर उरतात आठशेच्या आत. १६,००० पौंडांचा ट्रेलर म्हणजे ७,२५७ किलो. त्याचे वीस टक्के गाडीवर आले तर १,४५१ किलो होतात. म्हणजे ओढण्याच्या आकड्यात ती गाडी आरामात बसते आणि वाहण्याच्या आकड्यात साडेसहाशे किलोंनी बाहेर जाते. पंधरा टक्के धरले तरी १,०८८ होतात, म्हणजे तरीही बाहेरच.

एक टनीचे पाहिले. कमाल ६,३५०, रिकामी गाडी सुमारे ३,८५५, उरले २,४९५ आणि अडीचशे वजा जाता २,२४५. तिच्यामागे १२,००० पौंडांचा, म्हणजे ५,४४३ किलोंचा ट्रेलर लावला तर वीस टक्क्यांनी १,०८९ किलो गाडीवर येतात. गाडी निवांत. पण त्या ट्रेलरचे स्वतःचे वजनच सव्वादोन टनांच्या पुढे आहे, म्हणजे माल उरला तीन टनांच्या आसपास. एवढ्या महागड्या गाडीने तीन टन माल नेऊन भाडे कितीसे सुटणार, हा माझ्यातल्या मामाचा प्रश्न आहे.

तिसरा हिशेब व्यावसायिक परवाना काढला तर काय होईल याचा. भाच्याने २५,९०० पौंडांच्या, म्हणजे ११,७४८ किलोंच्या ट्रेलरची चौकशी केली आहे. त्याचे वीस टक्के २,३५० किलो. म्हणजे एक टनी गाडीसुद्धा शंभर किलोंनी हरते! अठरा टन ओढणारी गाडी पावणेबारा टनांनाच थकली, हे पाहून मी चष्मा पुसून पुन्हा बेरीज केली. फिटर भाऊ म्हणाले तेच खरे, वाहण्याचा आकडा आधी संपतो.

आता एक उपप्रश्न, थोडा स्वार्थाचा. ओढणे इतके सोपे असेल तर माझ्या १.७ टनी पिकअपच्या मागे हूक लावून छोटी ट्रॉली जोडता येईल का? बाग ते शेड अंतर अकरा किलोमीटर आहे आणि एक फेरी वाचली तरी डिझेल वाचेल.

उत्तर : महामार्गावरचा फिटर, धुळे

दादा, नको.

कारण सांगतो. आपल्या पिकअपच्या इंजिनाचा जोर सुमारे २०० न्यूटन मीटर असतो, तर इकडे ज्यांची चर्चा चालू आहे त्या फोर्डच्या ताकदीच्या डिझेलचा १,६०० च्या वर आहे. पण मी इंजिनामुळे नाही म्हणत नाही, कारण सपाटीवर तुमची गाडी एक टनाची ट्रॉली ओढेलही. माझा नकार आहे तो गाडी थांबवण्याच्या अडचणीमुळे. तिकडच्या जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात आणि ते चालकाच्या केबिनमधून चालतात. तुम्ही ज्या ट्रॉलीचा विचार करता तिला बहुधा ब्रेकच नसतील. मग पाऊण किंवा एक टन ट्रॉली अधिक तुमचा १.७ टन माल, हे सगळे थांबवायचे काम चार चाकांच्या त्या ब्रेकवर येते, जे फक्त गाडीच्या स्वतःच्या कमाल वजनासाठी बनवलेले आहेत. क्लच आणि गिअरबॉक्सचा खर्च तुम्ही डिझेलच्या बचतीतून कधीच भरून काढणार नाही, पण तो विषय त्यामानाने किरकोळ आहे. गाडीच्या पुस्तकात ओढण्याची क्षमता दिलेली नसेल तर ती शून्य समजावी, असा माझा नियम आहे.

ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो, मग पिकअप का नाही, असे मला नेहमी विचारले जाते. ट्रॅक्टरचे मागचे चाक पाहा, त्याचा गिअर पाहा आणि त्याचा वेग पाहा. तो त्याच कामाला जन्मलेला आहे. आणि तरीही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उतारावर काय करतात हे उसाच्या हंगामात सगळे बघतातच.

उत्तर : कागदपत्रांचे काम करणारा, चाळीसगाव

उपप्रश्नाच्या कायद्याच्या बाजूविषयी थोडक्यात लिहितो. आपल्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन मानले आहे, त्यामुळे त्याची वेगळी नोंदणी लागते; गावातल्या वेल्डरने बनवलेल्या ट्रॉलीला ती मिळणे कठीण. नोंदणी नसलेली ट्रॉली जोडून अपघात झाला तर विमा कंपनी पहिले बोट त्या ट्रॉलीवरच ठेवील.

जादा मालाविषयीही सांगावेसे वाटते, कारण पहिल्या प्रश्नात घडांचा उल्लेख हसत हसत आला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अनुज्ञेय वजनापेक्षा जास्त माल भरल्यास २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वाहनधारकाचा. परवान्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडे सोय आहे. ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते आणि त्यासाठी वेगळ्या शेऱ्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. तेव्हा फेऱ्या कमी करायच्या असतील तर ट्रॉलीपेक्षा, दोन टनी पिकअप किंवा त्याच्या वरचा छोटा चारचाकी ट्रक घेणे कायद्याने आणि हिशेबाने दोन्हीकडून सरळ पडेल. महिंद्राची बोलेरो मॅक्स मालिका १.३ पासून २ टनांपर्यंत आहे, टाटाची योद्धा २.० दोन टन घेते. चौकशी करून पाहावी.

उत्तर : जळगावकर, मुक्काम ह्यूस्टन

काकांचा हिशेब बरोबर आहे, फक्त दोन पुस्त्या जोडतो.

पहिली अशी की वीस टक्के हा आकडा दगडावरची रेघ नाही. ट्रेलरवर माल थोडा मागे घेतला की जुवाचा भार कमी होतो आणि तिसऱ्या हिशेबातली शंभर किलोंची तूट भरून निघते. पण पंधरा टक्क्यांच्या खाली गेले की फिटर भाऊंची उलाळ गाडी सुरू होते. म्हणून या धंद्यातले जुने लोक माल कुठे ठेवायचा याचा विचार किती ठेवायचा याच्या आधी करतात.

दुसरी पुस्ती काट्याची. एकूण वजन मर्यादेत असले तरी मागची धुरी तिच्या स्वतःच्या मर्यादेबाहेर गेलेली असू शकते, कारण जोडणीचे जवळजवळ सारे वजन तिच्यावरच येते. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर पुढच्या आणि मागच्या धुरीची मर्यादा वेगवेगळी छापलेली असते, ती आधी वाचावी. इकडच्या महामार्गांवरच्या काट्यांवर प्रत्येक धुरीचे वजन वेगळे मिळते. तुमच्याकडे ते हवे असेल तर आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन एक पावती घ्यावी आणि मग पूर्ण गाडी चढवून दुसरी. वजाबाकी केली की मागची धुरी कळते.

भाच्याला सांगा, विक्रेत्याने सांगितलेल्या रिकाम्या वजनावर विश्वास ठेवू नको. जी गाडी घ्यायची तीच टाकी भरून काट्यावर न्यायला लाव. जादा सामान बसवलेली तीच गाडी शंभर-दीडशे किलोंनी सहज जड निघते, आणि तुमच्या तिसऱ्या हिशेबात तेवढेच तर कमी पडत होते.

रावेरचा केळीवाला

भाच्याने एक टनी गाडी आणि व्यावसायिक परवाना असे ठरवले आहे. परवान्याची परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत गाडी घ्यायची नाही, या अटीवर मीही हो म्हटले. ट्रेलर तो २५,९०० चाच घेणार आहे, पण पूर्ण भरणार नाही असे त्याने कबूल केले आहे. केळी पट्ट्यातल्या माणसाचा भाचा असल्यामुळे त्या कबुलीवर मी फार विसंबलेलो नाही, म्हणून पहिल्या पाच फेऱ्यांच्या काटा पावत्या मला पाठवायच्या असे त्याच्याकडून लिहून घेतले.

ट्रॉलीचा विचार मी सोडला. आज सकाळी मात्र सहज म्हणून माझी १.७ टनी भरलेली पिकअप सावद्याच्या काट्यावर ह्यूस्टनच्या भाऊंच्या पद्धतीने दोनदा चढवली. मागच्या धुरीचा आकडा इथे लिहीत नाही. चाळीसगावचे भाऊ वाचत आहेत.